डॉ. कमला सोहोनी

घोडेगावच्या बाजारात गोण्यांत भरलेला कांदा पाहून तो सजीव आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु तो अखंड श्वसन करीत असतो. म्हणूनच हवा न खेळणाऱ्या ढिगात ऊब साठते. बटाट्याचेही तसेच. बटाट्याच्या या मुक्या श्वसनाचे एक रहस्य उलगडले ते एका मराठी विदुषीने. डॉ. कमला सोहोनी हे त्यांचे नाव.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवतांच्या घराण्यात झाला. वडील व काका रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून, नकार दिला. कमलाबाई खचल्या नाहीत. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारून ठाम राहिल्या. अखेर एक वर्ष पारख करण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. हा अपमान त्यांच्या मनात सलत राहिला. परंतु त्याला त्यांनी उत्तर दिले ते अविश्रांत परिश्रमांनी. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही त्या संस्थेची दारे खुली झाली.

नंतर कमलाबाई इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. सजीवांची पेशी ग्लुकोज या शर्करेचे विघटन करून ऊर्जा मिळवते. आरंभी प्राणवायूवाचूनच शर्करेच्या रेणूचे दोन तुकडे होतात. त्यातून अल्प ऊर्जा लाभते. प्राणवायू असेल, तर त्या तुकड्यांपासून अखेर पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि कितीतरी अधिक ऊर्जा मिळते. प्राणवायू न मिळाल्यास मात्र वेगाने धावणाऱ्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल, तर यीस्टमध्ये मद्यार्क तयार होतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन प्राणवायूपर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीत ‘सायटोक्रोम-सी’ हे प्रथिन एक दुवा असते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे कमलाबाईंनी बटाट्यावर प्रयोग करून दाखविले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या आरंभीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक होत.

परदेशात न रमता त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले व पुढे तिचे संचालकपदही भूषविले. कडधान्ये, तांदूळ व नीरा यांतील पोषक द्रव्यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. नीरा तशीच ठेवली, तर यीस्ट तिच्यातील साखरेचा मद्यार्क बनवते आणि तिची ताडी होते. ताजी नीरा मात्र पौष्टिक असते. दुर्बल, कुपोषित मुलांना व मातांना तिचा लाभ होतो, हे त्यांनी सिद्ध केले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला.

१९९८ साली कमलाबाईंची प्राणज्योत मालवली. ज्या दारात त्यांना अडविण्यात आले होते, त्या दारातून पुढे असंख्य मुली सन्मानाने आत गेल्या. विद्येच्या मंदिरात अधिकार ठरतो तो अभ्यासाने, हेच त्यांच्या चरित्राचे सार होय.