सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आणणारे पंडित भगवानलाल इंद्रजी



केळवे रोडला गाडीत बसून आपण मुंबईकडे निघतो. विरार मागे पडले की नालासोपारा येते. गर्दीत आपण कधी खिडकीबाहेर बघतसुद्धा नाही. पण हेच जुने शूर्पारक, एके काळचे मोठे बंदर. सुनापरांतात धम्म नेणारे स्थविर पूर्ण इथलेच व्यापारी, असे बौद्ध ग्रंथ सांगतात. लोक मारतील, जीवही घेतील, हे मनात धरूनही ते शांतपणे निघाले, ही कथा विहारात आपण ऐकलेली आहे.

पुढे हे सारे मातीखाली गेले. स्तूपाच्या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणू लागले. त्या टेकाडाचे खरे नाव शोधून देणाऱ्या माणसाची ओळख आपल्या मुलाबाळांना व्हावी म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म १८३९ साली जुनागढला एका गुजराती ब्राह्मण कुटुंबात झाला. गावाजवळच गिरनारच्या वाटेवर सम्राट अशोकाचा शिलालेख. लोक रोज त्यावरून जात, वाचता कुणालाच येत नसे. या पोराला मात्र त्या अक्षरांनी वेड लावले. जुन्या लिपीचा तक्ता मिळवून तो एक एक अक्षर लावत बसे.

१८६१ साली ते मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी स्वतः मोठे विद्वान. त्यांच्यासाठी भगवानलालांनी देशभर पायपीट केली. लेण्यांतले लेख उतरवले, नाणी जमवली, नेपाळपर्यंत गेले. नाणेघाटातले जुने आकडे त्यांनी लावले. ओरिसातल्या हाथीगुंफेचा लेख खारवेल राजाचा, हेही त्यांनीच दाखवून दिले. १८६९ साली मथुरेला त्यांना प्रसिद्ध सिंहशीर्ष मिळाले. कुठे, माहीत आहे? खालच्या मानलेल्या जातीच्या वस्तीत, शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायरीत बसवलेले! केळव्यातही शीतलादेवीचे देऊळ आहे, म्हणून हे वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. त्या सिंहावर बौद्ध संघाला दिलेल्या दानाचा लेख होता.

१८७४ साली भाऊ दाजी वारले. आधार गेला, पण पंडितजींनी काम सोडले नाही. इंग्रजी बेताचेच येत असल्याने ते गुजरातीत लिहीत आणि डॉ. ब्यूलर वगैरे मंडळी त्याचे इंग्रजी करीत. तरीही हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली.

१८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचे टेकाड खणले. आत विटांची लहान खोली निघाली, तिच्यात दगडी करंडा. झाकण उचलले तर मध्ये तांब्याची डबी आणि तिच्याभोवती काशाच्या आठ मूर्ती, सात मानुषी बुद्ध आणि आठवे मैत्रेय. डबीच्या आत चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची डबी. सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींचे मत होते. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. सोने बाहेर आणि खापर आत, हे त्या काळच्या उपासकांनी का केले असेल, यावर आपण घरी बसून जरूर विचार करावा.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून राजा बोधिवृक्षाकडे गेला आणि धम्मयात्रा करू लागला, हा त्या लेखाचा विषय.

१६ मार्च १८८८ रोजी, पन्नाशीही न गाठता, पंडितजी गेले. ते बौद्ध नव्हते आणि आम्हीही त्यांना बौद्ध ठरवत नाही. पण अक्षराशी ते प्रामाणिक राहिले आणि जे सापडले ते जसेच्या तसे जगापुढे मांडले. जन्माने ब्राह्मण असलेल्या या माणसाचे ऋण मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटायचे कारण नाही.

सोपाऱ्याजवळच्या भुईगावला अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला तो १९५६ साली. आपल्या वाडवडिलांनी बाबासाहेबांमागे धम्म स्वीकारला, तेच हे वर्ष. आपण नव्या घरात आलो असे लोक म्हणत होते, आणि इकडे आपल्याच किनाऱ्यावर जुन्या घराचा दगड वर येत होता!

तेव्हा एखाद्या रविवारी मुलांना घेऊन नालासोपाऱ्याला उतरा. स्तूपापुढे दोन मिनिटे बसा आणि मुलांना पंडितजींचे नाव सांगा. भवतु सब्ब मंगलं!