मलिक अंबर : खडकीला जमिनीखालून पाणी देणारा वजीर

इथियोपियात साधारण 1548 मध्ये जन्मलेल्या या मुलाचं मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, अंबर हे नाव दिलं. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं आणि तो दख्खनचा झाला.

1600 मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतलं. तोवर मोकळा झालेल्या अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि मुघलांशी लढा चालूच ठेवला. 1610 मध्ये त्याने राजधानी खडकीला आणली. हेच आजचं छत्रपती संभाजीनगर. 1616 मध्ये मुघलांनी ते उद्ध्वस्त केलं. अंबरने पुन्हा उभं केलं.

पण एवढ्या वस्तीला पाणी कुठून आणायचं? खाम नदी पावसाळ्यात भरते, नंतर रोडावते. अंबरने शहराच्या उत्तरेकडून, खामच्या खोऱ्यातून जमिनीखाली नहर आणली. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. मधे कोंडलेली हवा सुटावी म्हणून उच्छ्वास बांधले.

या नहरीत येई ते झिरपलेलं पाणी. माती-मुरुमातून उतरताना गाळ वर राहतो आणि मातीतले जिवाणू पाण्यातली कुजकी घाण खाऊन टाकतात. अंबरला हे माहीत असणं शक्यच नव्हतं. जिवाणू पहिल्यांदा दिसले ते 1676 मध्ये, हॉलंडच्या लेव्हेनहुकला. अंबरला जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. भूजल चांगलं, एवढा अनुभव मात्र जुनाच होता.

जिवाणूंना या कामासाठी वेळ लागतो, बहुतेकांना हवाही. गटार थेट नहरीत फुटलं, तर दोन्ही मिळत नाही. पुढे नहरींवर घरं चढली, सांडपाणी आत शिरलं आणि बिघडलं ते इथेच. आता कांचनवाडीच्या प्रकल्पात शहराचं सांडपाणी जिवाणूंकडूनच साफ करून घ्यावं लागतं, तेही वीज जाळून.

1624 मध्ये भातवडीला अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवलं. जहांगीरने तर त्याच्या छाटलेल्या शिरावर आपण बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं होतं. प्रत्यक्षात ते शिर बादशहाच्या हाती कधीच लागलं नाही. 1626 मध्ये, ऐंशीच्या आसपास, अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे, आणि नहरीचे काही उच्छ्वास अजून शहरात उभे आहेत.