परमहंस सभेचा जमाखर्च

गुप्त मंडळ्यांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. दार लावून आणि शपथा घेऊन जे चालते त्यात काही तरी काळेबेरे असलेच पाहिजे, असे एक मत. जुलमी सत्तेखाली किंवा जुलमी रूढीखाली सज्जनांनाही दार लावूनच भेटावे लागते, असे दुसरे. केवळ तत्त्वचर्चेने हा वाद मिटण्यासारखा नाही. त्यासाठी एखाद्या मंडळीचा प्रत्यक्ष जमाखर्च तपासला पाहिजे. महाराष्ट्रात असा जमाखर्च मांडता येण्याजोगी संस्था म्हणजे १८४९ साली मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा, आणि तिच्या उभारणीतील प्रमुख पुरुष म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर.

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. पेशवाई बुडाली तेव्हा ते चार वर्षांचे होते. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पहिल्या पिढीतले ते विद्यार्थी. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्यांवर पुढे विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या आणि दादोबांना मराठीचे पाणिनी ही पदवी लोकांनी बहाल केली. त्यांचे घराणेच विचारी होते. बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली बाँबे गॅझेट या पत्रात इंग्रजी राज्यातील आर्थिक पिळवणुकीवर परखड पत्रे लिहिली. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा सिद्धान्त मांडण्यापूर्वीची ही गोष्ट असल्याने अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या पत्रांचे विशेष अगत्य वाटते. मात्र ही पत्रे टोपणनावाने लिहिलेली होती, हेही ध्यानात ठेवावयास हवे. दुसरे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांचा उल्लेख पुढे येणारच आहे.

काही काळ जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून काम केल्यावर दादोबा सुरतेच्या इंग्रजी शाळेत रुजू झाले. तेथे १८४४ साली दुर्गाराम मंछाराम मेहता या गुजराती शिक्षकाच्या साहाय्याने मानवधर्म सभा निघाली. ही सभा उघड होती. तिच्या बैठकांना कोणीही यावे, प्रश्न विचारावेत, अशी मुभा असे. मांत्रिकांनी आपले सामर्थ्य सिद्ध करून दाखवावे, असे आव्हानही तिने दिले. परंतु जातिभेद खोटा आहे असे सांगणाऱ्या या सभेने तो प्रत्यक्ष मोडण्याचे पाऊल टाकले नाही. बोलणे उघड होते, पण कृती नव्हती. १८४६ साली दादोबा मुंबईस परतले आणि काही वर्षांतच सुरतेची सभा विराम पावली.

मुंबईत त्यांनी याच्या नेमका उलट मार्ग पत्करला. परमहंस सभेत कृती होती, पण ती उघड नव्हती. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते. नव्या सभासदाला जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिऊन ती सिद्ध करावी लागे. प्रार्थना होत, निबंध वाचले जात, निरनिराळ्या जातींची माणसे एका पंक्तीला बसत, आणि हे सारे बंद दाराआड चाले. पुणे, अहमदनगर अशा ठिकाणी तिच्या शाखा निघाल्या. पुढे संस्कृत पंडित म्हणून कीर्ती मिळविणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर विद्यार्थिदशेत याच सभेत वावरले. पुरेसे सभासद जमले म्हणजे सर्वांनी एकदम प्रकट व्हावयाचे, असा बेत होता.

या माणसांना भित्रे म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्या काळी जात म्हणजे केवळ सोवळेओवळे नव्हते. विवाहसंबंध, आजारपणातली शुश्रूषा, अडीअडचणीचे कर्ज, प्रेताला खांदा, हे सारे जातीकडूनच मिळे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर जात हीच त्या माणसाची विमा कंपनी आणि पेढी होती. वाळीत पडणे म्हणजे एका दिवसात ही सर्व पुंजी गमावणे. १८४३ साली मुंबईत श्रीपाद शेषाद्री नावाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडून परत आला. त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान पुढे झाला, तर सनातन्यांनी बाळशास्त्रींनाच हैराण केले. हे उदाहरण ताजे असता चारचौघांत पाव खाण्याचे धाडस कोण करणार?

तेव्हा गुप्ततेची जमेची बाजू मान्य केली पाहिजे. आपल्यासारखा विचार करणारे आणखी कोणी आहेत, हे ज्ञान एकट्या पडलेल्या माणसाला सभेने दिले. दुसऱ्या जातीच्या माणसाबरोबर जेवल्याने आभाळ कोसळत नाही, हा अनुभव दिला. पुस्तके वाचून हे मिळाले नसते.

आता खर्चाची बाजू. पहिला खर्च हा की, सभेचे भांडवल बाजारात कधी आलेच नाही. रूढी टिकते ती सर्वांना ती मान्य असते म्हणून नव्हे, तर ती सर्वांना मान्य आहे असे प्रत्येकाला वाटते म्हणून. हा समज मोडावयाचा तर कोणी तरी ती मोडताना दिसावे लागते. गुप्तपणे खाल्लेल्या पावाने सभासदाचे मन पालटत असेल. शेजाऱ्याचे मत तसूभरही हलत नाही. शिवाय प्रत्येकाने इतरांची वाट पाहावयाची ठरविली तर पुरेशी संख्या कधीच भरत नाही.

दुसरा खर्च अधिक मोठा. जिचे एकमेव संरक्षण गुप्तता हेच असते, ती संस्था एका चोराच्या हाती असते. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे बाहेर पडली आणि सभा मोडली. हीच माणसे आपण होऊन प्रकट झाली असती तर लोकांनी त्यांना निदान बंडखोर म्हटले असते. उघडकीस आल्यामुळे ती लपूनछपून वागणारी ठरली. तोच पाव, तीच माणसे. पण नैतिक बळ निघून गेले.

तिसरा खर्च पुढच्या पिढीला भरावा लागला. १८६७ साली आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. भांडारकर आणि न्यायमूर्ती रानडे यांनी त्याला वैभव दिले. हा समाज उघड होता; पण सभासदाने जातिभेद मोडलाच पाहिजे, अशी अट त्याने घातली नाही. परमहंस सभेने अंधारात जे केले, ते उजेडात करण्याची हिंमत तिच्या वारसाला झाली नाही. १८६० ची धास्ती त्याच्या हाडीमांसी खिळली होती, असेच म्हणावे लागते.

उघड मार्ग त्या काळी अशक्यच होता काय? ज्या १८४९ साली परमहंस सभा स्थापन झाली, त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना वडिलांचे घर सोडावे लागले. आदल्या वर्षी त्यांनी मुलींची शाळा उघडपणे काढली होती, हाच त्यांचा अपराध. त्यांनी किंमत रोख मोजली. म्हणूनच १८७३ साली सत्यशोधक समाज काढताना त्यांना दार लावून घ्यावे लागले नाही.

दादोबा स्वतः १८५२ पासून सरकारी नोकरीनिमित्त मुंबईबाहेर होते. नगरकडे डेप्युटी कलेक्टर असताना भिल्लांच्या उठावाचा बंदोबस्त केल्याबद्दल ते रावबहादूर झाले. विधवांच्या दुःखावर त्यांनी लिहिले, मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली. पण ज्या धर्मविवेचनावर सभेची तत्त्वे आधारलेली होती, तो सुरतेत लिहिलेला ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही टोपणनावाने. त्यांचे आत्मचरित्र १८४६ सालाशी येऊन थांबते. सभेची हकिकत त्यात नाही. भाषेचे नियम ज्याने सर्वांसाठी खुले करून दिले, त्याच्या श्रद्धेचे नियम मात्र अखेरपर्यंत झाकलेले राहिले. १८८२ साली त्यांचे निधन झाले.

हा केवळ इतिहास नव्हे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. याचा अर्थ, जातपंचायतीचा दंडुका एकविसाव्या शतकातही शाबूत होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने विवाहेच्छूंची नोटीस फलकावर लावून तीस दिवस थांबण्याची अट घातली. जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्याच्या दृष्टीने ती नोटीस म्हणजे १८६० सालच्या चोरीस गेलेल्या यादीचेच सरकारी रूप होय.

म्हणून निष्कर्ष दुहेरी निघतो. ज्याच्यावर बहिष्काराची तलवार टांगलेली आहे, त्या व्यक्तीला आपले गुपित राखण्याचा हक्क आहे, आणि तो कायद्याने जपला पाहिजे. परंतु समाजाचे वर्तन बदलू पाहणाऱ्या संस्थेने गुप्ततेत मुक्काम ठोकू नये. तिने प्रकट होण्याचा दिवस आधीच मुक्रर करावा, आणि तो सभासदांच्या संख्येवर सोडू नये. गुप्त मंडळी पाहिली की ती काय लपवते, हे आपण विचारतो. ती कोणापासून लपते आहे, हेही विचारले पाहिजे. दादोबांची सभा आपल्या आजोबा-पणजोबांपासून लपत होती. आज कोणाला आपल्यापासून लपावे लागत असेल, तर त्या गुप्ततेचा निम्मा दोष आपल्या खाती जमा होतो.