चौदा रुपयांचा आराखडा

माझी मुलगी पुण्याला हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. गेल्या दिवाळीत ती चंद्रपूरला घरी आली, तेव्हा रोज सकाळी साडेदहाच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर उभी राहायची. पंधरा मिनिटं उभ्याउभ्याच बैठक! काल काय केलं, आज काय करणार, घोडं कुठं अडलंय, एवढंच बोलायचं आणि कामाला लागायचं. मी बँकेत सदतीस वर्षं काढली. आमच्या बैठकीत चहा दोनदा यायचा आणि निर्णय पुढच्या बैठकीवर जायचा. म्हणून मला मोठं कुतूहल वाटलं.

तिनं सांगितलं, की या पद्धतीला अजाइल म्हणतात. २००१ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. वर्षा-दोन वर्षांचा जाडजूड आराखडा करून डोळे मिटून त्यामागे जायचं नाही. पंधरा दिवसांत चालू होईल असं काहीतरी लहान उभं करायचं, ज्याच्यासाठी केलं त्याच्या हाती द्यायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि पुढचं पाऊल त्यावरून ठरवायचं.

ती सांगत होती आणि मला आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस आठवत होता. त्याच्या हाती कॉम्प्युटर नव्हता, कुदळ होती. बाबा आमटे!

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. घरची जमीनदारी, वडील सरकारी अधिकारी. तरुणपणी शिकारीचा नाद, सिनेमाचं वेड, दिमतीला मोटार. पुढे कायद्याची पदवी घेऊन वकिली. १९४२च्या आंदोलनात पकडलेल्यांसाठी वकील मंडळी उभी करण्यात पुढाकार. १९४६ साली साधनाताईंशी विवाह. वरोरा नगरपालिकेचं उपाध्यक्षपद चालत आलं, तेव्हा सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून या वकिलानं स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. हे काम करताना एका पावसाळी रात्री गटाराकाठी त्यांना तुळशीराम दिसला. महारोगानं हातापायांची बोटं झडलेली, अंगावर अळ्या. आणि शिकारीत न घाबरणारा हा माणूस भ्यायला, पळून घरी आला.

त्या पळण्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परतले, तुळशीरामाला आडोसा करून दिला आणि तो जाईपर्यंत त्याची सेवा केली. मग वरोऱ्याच्या आसपास महारोग्यांसाठी दवाखाने सुरू केले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन उपचार शिकले. तिथे या रोगाचे जंतू माणसाच्या शरीरात वाढतात का हे पाहायचं होतं, म्हणून त्यांनी स्वतःचंच शरीर पुढे केलं. तो प्रयोग फसला. पण ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, तिच्याकडे मला परत यायचं आहे.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. भांडवल सर्वांना ठाऊक आहे. १४ रुपये, सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि सरकारनं दिलेली ५० एकर खडकाळ झुडपी जमीन. साधनाताईंच्या पदराला दोन लहान मुलं आणि आजूबाजूला साप-विंचू. बँक अधिकारी म्हणून सांगतो, हा प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो दोन मिनिटांत नामंजूर केला असता.

पण बाबांनी प्रकल्प अहवाल केलाच नाही. आधी काय लागतं? पाणी. म्हणून बोटं नसलेल्या हातांनी विहीर खणली. पाणी लागलं, तेव्हा धान्य आणि भाजी पेरली. खाऊन भाजी उरली, ती वरोऱ्याच्या बाजारात नेली. कोणी हात लावेना! इथं एखादा खचला असता, किंवा गावाला दूषणं देत बसला असता. पुढे पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे तरुण इथं श्रमदानाला आले. त्यांनी रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम केलं, त्यांच्या हातचं अन्न खाल्लं. वरोऱ्याचे लोक ते पाहत होते. हळूहळू भीती ओसरली आणि भाजी खपू लागली. मग दूध, मग हातमाग, पत्र्याचे डबे, छापखाना. एक चालू झालं की त्यातून दुसरं सुचायचं. १९६४ साली महारोग्यांच्या श्रमातून आनंदवनात महाविद्यालय उभं राहिलं. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं, त्यांच्या अंगणात गावानं आपली लेकरं शिकायला पाठवली. कोणत्या आराखड्यात हे आधी लिहिता आलं असतं?

१९६७ साली मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प झाला. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाशभाऊ आणि मंदाताईंनी तिथं जन्म काढला. माडिया आदिवासी सुरुवातीला दवाखान्याकडे फिरकत नव्हते. एक रोगी बरा झाला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. दवाखान्यानंतर शाळा आली. क्रम लोकांच्या गरजेनं ठरला. म्हणूनच इंद्रावतीवर भोपालपट्टणमचं आणि गोदावरीवर इंचमपल्लीचं धरण बांधायचं ठरलं, तेव्हा बाबा आदिवासींबरोबर विरोधात उभे राहिले. ज्यांची घरं-जंगलं बुडणार त्यांना कोणी विचारलंच नव्हतं!

आता माझी गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात मी याच भागातल्या एका शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. मार्चअखेर जवळ आली होती, उद्दिष्ट गाठायचं होतं. एका गावासाठी संकरित गाईंची योजना मी मंजूर केली. कागदावर सगळं होतं. दूध किती, उत्पन्न किती, हप्ता किती. गावात उन्हाळ्यात चारा-पाणी असतं का, हे पाहायला मात्र मी गेलो नाही. मे महिन्यात गाई मेल्या. कर्ज लोकांच्या डोक्यावर राहिलं. मला बढती मिळाली.

त्यानंतर १९८६च्या आरंभी एका रविवारी मी आनंदवनात गेलो. बाबा तिथं नव्हतेच. कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा घेऊन निघाले होते. तरी माग चालू होते, गोठा स्वच्छ होता, कोणी कोणाच्या हुकमाची वाट पाहत नव्हतं. बोटं नसलेला एक माणूस मनगटांत धरून धोटा फेकत होता. वीस संकरित गाईंचं गणित करणारा मी एका लंगड्या गाईपुढे उभा होतो.

अर्थात बाबांचं सगळंच यशस्वी झालं असं नाही. १९९० साली ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, दशकभर राहिले. ते धरण अखेर झालंच. मुलीची पद्धत आणि बाबांचं काम यांत एक फरकही आहे. संगणकातली चूक पुसून पुन्हा लिहिता येते, माणसाच्या आयुष्यातली येत नाही. म्हणून तो कलकत्त्याचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. बाबा चुकायला तयार होते, पण चुकीची किंमत आधी स्वतःच्या अंगावर घेऊन. माझ्या चुकीची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

मॅगसेसे, टेम्पल्टन, गांधी शांतता पुरस्कार... सन्मान खूप आले. पाठीच्या दुखण्यानं त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तेव्हा उभ्यानं बैठका घेण्याचा मान हिंजवडीच्या आधी वरोऱ्याकडे जातो, असं मी लेकीला गमतीनं म्हटलं. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता तिथल्याच मातीत त्यांना ठेवलं.

भाऊबीज झाल्यावर मी मुलीला तिथं घेऊन गेलो. वाटेत तिला त्या गाईंची गोष्ट सांगितली, आयुष्यात पहिल्यांदाच. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं एवढंच विचारलं, की मी नंतर त्या गावात गेलो होतो का. नाही, मी गेलो नव्हतो. साडेदहा वाजले. ती एका झाडाखाली उभी राहून फोनवर आपल्या सहकाऱ्यांशी बोलू लागली. कुठं अडलंय, हे सांगायची तिची पाळी होती.

पुढच्या आठवड्यात मी त्या गावी जाणार आहे. आता तिथं कोणाला काही आठवत असेल की नाही कोण जाणे. पण सुरुवात तिथूनच करायला हवी.