तलवारीला धार लावणारे हात सतारीकडे वळले : मिरजेचे फरीदसाहेब

आपल्यापैकी अनेकजण मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याला जाऊन आले असतील. त्याच गावात सतारमेकर गल्ली आहे. तिथली सतार आणि तानपुरा देशभर जातो. या हुनराची सुरुवात ज्यांच्या हातून झाली, त्या मरहूम फरीदसाहेबांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

फरीदसाहेब शिकलगार बिरादरीचे. तलवारी, भाले, खंजीर यांना धार आणि चकाकी देणं हा घरचा पिढीजात धंदा. पण 1818 मध्ये पेशवाई गेली, इंग्रजांचा अंमल आला आणि हत्यारांची मागणी आटत गेली. हातात कसब होतं, पण काम नव्हतं.

मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याचा मोठा शौक. त्यांच्याकडे उत्तरेतले गवई यायचे. वाद्य बिघडलं की दुरुस्तीसाठी लांब पाठवावं लागायचं. गावात सांगतात ते असं, की हे काम फरीदसाहेबांकडे आलं. त्यांनी वाद्य खोलून पाहिलं, समजून घेतलं आणि दुरुस्त करून दिलं. मग साधारण 1850 च्या सुमारास ते स्वतःच नवी वाद्यं बनवू लागले.

हे सोपं काम नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा आणायचा, तो महिनोन्‌महिने वाळवायचा, कापून आतून साफ करायचा. त्यावर लाकडाची तबली आणि दांडी बसवायची, खुंट्या लावायच्या, नक्षी आणि पॉलिश करायचं. सगळ्यात नाजूक काम जवारीचं. ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा माथा घासून असा करायचा की तार त्याला जेमतेम टेकावी. तेव्हाच तानपुरा गुंजतो. केसभर जास्त घासलं तर आवाज बसतो.

आम्हाला वाटतं, शिकलगारांचं जुनं कसब इथेच कामी आलं असेल. पातं घासताना कुठे थांबायचं हे ज्या हाताला कळतं, त्याला घोडीही कळते. फरीदसाहेबांनी धंदा बदलला, पण हाताची कमाई सोडली नाही.

पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि मिरज गाण्याचं गाव झालं. 1937 साली ते वारले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. फरीदसाहेबांच्या घराण्याचं नाव शिकलगारवरून सतारमेकर झालं आणि हुनर पिढ्यानपिढ्या चालत आला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

मानांकनाने इज्जत वाढली, पण हुनर कागदावर टिकत नाही. मेहनत जास्त, कमाई बेताची, म्हणून कारागिरांची मुलं दुसऱ्या कामांकडे वळत आहेत. ती चूक मुलांची नाही. फरीदसाहेबांनीही पोटासाठीच धंदा बदलला होता. फरक इतकाच, की तेव्हा त्यांच्या हाताची कदर करणारं कोणी होतं. आज ती कदर कोण करणार, हा प्रश्न आपल्या सगळ्यांसाठी आहे. पुढच्या वेळी दर्ग्याला गेलात, तर मुलांना घेऊन त्या गल्लीतही नक्की जा.