पत्रं दोन आली, त्यानं एकच दाखवलं; त्याच माणसानं पुढं कोलेस्टेरॉलचं कोडं सोडवलं

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की घरात आधी तूप बंद होतं. पण शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, शरीर ते स्वतःच बनवतं. कशापासून? तर ज्या ॲसिटिक ॲसिडमुळं व्हिनेगर आंबट लागतं, त्याच्या दोन कार्बनच्या तुकड्यांपासून. हे दाखवून दिलं कॉनराड ब्लॉख यांनी.

ब्लॉख १९१२ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या नायसे गावात, ज्यू घरात जन्मले. म्युनिकमध्ये केमिस्ट्री शिकले, पण १९३३ ला नाझी सत्तेवर आले आणि ज्यू पोराला पुढं शिकायची सोय राहिली नाही. ते स्वित्झर्लंडच्या दावोसला गेले. टीबीच्या जंतूंवर काम मिळालं, मात्र तिथं राहायची परवानगी तात्पुरती होती. ती संपल्यावर परत जर्मनी, म्हणजे काय ते सांगायला नको.

त्यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला गळ घातली. तिकडून दोन पत्रं आली. एकात नेमणूक झाल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्यात पगाराला पैसे नसल्याचं. गड्यानं व्हिसासाठी पहिलं पत्र पुढं केलं, दुसरं खिशातच ठेवलं. १९३६ मध्ये ब्लॉख अमेरिकेला पोहोचले.

तिथं कोलंबिया विद्यापीठातून १९३८ ला पीएचडी झाली. मग ते रुडॉल्फ शोएनहायमर यांच्या टीममध्ये गेले. जड हायड्रोजनची खूण लावलेला पदार्थ प्राण्याला द्यायचा आणि ती खूण शरीरात कुठं निघते ते बघायचं, ही या टीमची युक्ती. १९४१ मध्ये शोएनहायमर यांनी आत्महत्या केली. त्यांचे विषय सहकाऱ्यांत वाटले गेले, ब्लॉख यांच्याकडं चरबीचा विषय आला. पुढच्याच वर्षी त्यांनी डेव्हिड रिटेनबर्ग यांच्यासोबत ॲसिटिक ॲसिडपासून कोलेस्टेरॉल बनतं हे सिद्ध केलं.

पण मधला रस्ता? स्क्वालीन नावाचं तेल त्यात लागतं असा संशय होता, आणि ते शार्कच्या लिव्हरमध्ये भरपूर. म्हणून ब्लॉख थेट बर्म्युडाला गेले. शार्क काही नीट हाती लागेनात, तेलकट लिव्हर कापता येईना. शेवटी काम झालं ते लॅबमधल्या उंदरांवर.

तरी एक कडी गायब होती. ती १९५६ ला मर्क कंपनीत कार्ल फोल्कर्स यांच्या टीमला सापडली, तीही जंतूंच्या वाढीला लागणारा पदार्थ शोधताना. ती म्हणजे मेव्हॅलोनिक ॲसिड. हिशोब असा: ॲसिटिक ॲसिडचे तीन तुकडे जोडून सहा कार्बनचं मेव्हॅलोनिक ॲसिड होतं. त्यातला एक कार्बन गळतो. पाच कार्बनचे असे सहा तुकडे जुळले की ३० कार्बनचं स्क्वालीन, आणि त्यातले तीन छाटले की २७ कार्बनचं कोलेस्टेरॉल. रबराचं झाडही याच पाच कार्बनच्या तुकड्यांपासून रबर बनवतं!

१९६४ चं नोबेल ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना मिळून मिळालं. दोघं विद्यार्थी असताना एकाच वेळी म्युनिकमध्ये होते. ब्लॉख यांना शहर सोडावं लागलं. लिनेन तिथंच राहिले, आणि स्कीइंगमध्ये पाय दुखावल्यामुळं सैन्यातूनही वाचले.

या साखळीचा ब्रेक मेव्हॅलोनिक ॲसिड तयार होतं त्या पायरीवरच आहे. कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की पेशी तिथल्या एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमचं काम मंदावते. डॉक्टर लिहून देतात ती स्टॅटिनची गोळी याच एन्झाइमला अडवते. १५ ऑक्टोबर २००० ला ब्लॉख गेले, तेव्हा अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला मंजुरी मिळून १३ वर्षं झाली होती.