पाचगणीचा कानसेन

फ्रेडी मर्क्युरी म्हटले, की १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बले स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’च्या मंचावरून हजारोंच्या समुदायाला आपल्या आवाजावर खेळविणारा ‘क्वीन’चा गायक डोळ्यांसमोर उभा राहतो. या गायकाआधी त्याच्यात एक श्रोता होता आणि त्या श्रोत्याचा कान सातारा जिल्ह्यातील पाचगणीत तयार झाला, हे मात्र आपल्याकडेही अनेकांच्या गावी नसते.

फारोख बलसारा हे त्याचे मूळ नाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६चा, झांझिबारमधला. वडील बोमी ब्रिटिश वसाहत सरकारच्या सेवेत रोखपाल होते. मूळच्या गुजरातमधील या पारशी कुटुंबाने आठ वर्षांच्या मुलाला समुद्र ओलांडून पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडले. आई-वडील इतक्या दूर, त्यात पुढे आलेल्या दातांवरून होणारी चेष्टा. अशा मुलाला पियानोचा आधार वाटला असल्यास नवल नाही. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो लगोलग पियानोवर उतरवीत असे, अशी आठवण त्याचे शाळासोबती पुढे सांगत. ‘फ्रेडी’ हे नावही त्याला याच शाळेत मिळाले.

तो काळ रेडिओचा होता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले होते. देश मग रेडिओ सिलोनकडे वळला. हिंदी गाण्यांबरोबरच पाश्चात्त्य गाण्यांचीही हौस या केंद्राने भागविली. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड ही नावे पाचगणीच्या मुलांच्या तोंडी रुळली, आणि १९५८ च्या सुमारास पाच शाळकरी मुलांचा ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला. शाळेच्या कार्यक्रमांत तो वाजे. शेजारच्या शाळेतील मुलींची त्याला विशेष दाद मिळे. गंमत अशी, की मुख्य गायक ब्रूस मरे हा होता. फ्रेडी मागे पियानोवर असे.

त्याच्या संगीतात भारतीय सुरावटी शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तो जरा ताणलेलाच वाटतो. स्वतः फ्रेडी पाचगणीविषयी जाहीरपणे फारच थोडे बोलला. मात्र ऐकताना कोणताही पंक्तिभेद न करण्याची त्याची सवय जुनी होती, एवढे नक्की.

१९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. ईलिंगच्या कला महाविद्यालयात आरेखन शिकताना फ्रेडीला जिमी हेन्ड्रिक्सने झपाटले. त्याच्या मैफलींना हजेरी लावायची आणि त्याची चित्रे काढायची, हा छंदच जडला. सहाध्यायी टिम स्टॅफेल हा ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह ‘स्माइल’ या वृंदात होता. फ्रेडी त्यांचा निष्ठावान श्रोता, आणि न मागता सल्ले देणाराही! १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडला आणि हा श्रोता थेट मंचावर आला. ‘क्वीन’चा जन्म झाला तो असा. जॉन डीकन पुढच्या वर्षी आला.

या वृंदाची गाणी म्हणजे फ्रेडीच्या श्रवणाची जणू रोजनिशीच. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, असा प्रश्न तेव्हा होता. हळुवार गीत, ऑपेरा आणि कडक रॉक एकाच धाग्यात ओवणारे हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अव्वल राहिले. १९७६ च्या ‘समबडी टू लव्ह’मागे अरीथा फ्रँकलिन व कृष्णवर्णीयांचे चर्चगायन होते. १९७९ च्या ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या जमान्याचा रॉक अँड रोल परतला.

हा कान प्रत्येक वेळी लाभदायक ठरला, असे नाही. १९८२ च्या ‘हॉट स्पेस’मध्ये डिस्को आणि फंकचा सूर लागला, तेव्हा गिटारचा गजर ऐकायला आलेले जुने चाहते बिथरले. खुद्द वृंदातही त्यावरून कुरबुर झाली. अमेरिकेतील लोकप्रियता ओसरली ती याच सुमारास. फ्रेडी मात्र त्यानंतर रॉकपासून आणखी दूर गेला. १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तो पावरोत्तीला ऐकायला गेला आणि मोन्सेरात काबाये या स्पॅनिश गायिकेच्या आवाजाने भारावून परतला. १९८८ मध्ये तिच्याबरोबर ‘बार्सिलोना’ हा गीतसंग्रह त्याने केला. रॉकगायकाने ऑपेरागायिकेशेजारी उभे राहण्यात हसे होण्याचा धोका होता; तो त्याने पत्करला.

तोवर आजाराने त्याला गाठले होते. एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. त्या वेळी ध्वनिमुद्रिकांवरून अरीथा फ्रँकलिनचा आणि काबायेचा आवाज ऐकविण्यात आला.